मूळ फाइल माझ्याकडे आहे

मी, इंदुबाई सूर्यभान दातीर, वय त्रेसष्ट, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, त्याची गोळी सकाळी घेतली आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेलं नाही. रागात लिहिलेला कागद कोर्टात टिकत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखवा, असं मी म्हटलं. त्यांना दाखवता आलं नाही. तेव्हा राग आहे आणि शुद्धही आहे. दोन्हींची नोंद घ्यावी.

वकीलसाहेबांनी टाइप करून दिलेला मसुदा मी बाजूला ठेवला. त्यात मालकांचा उल्लेख फक्त 'मयत पती' एवढाच होता. शाळा मला चौथीपर्यंतच. पुढचं वाचन दुकानात झालं. फोटोच्या फ्रेमला मागून लावायला रद्दी येई, ती लावण्याआधी मी वाचून काढी. माझं मराठी त्या रद्दीचं आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं, पण बदलू नये.

१) घर. दुकानामागच्या तीन खोल्या आणि ओसरी माझ्या नावावर आहेत. हे घर मुलगा अमोल आणि मुलगी सविता यांना निम्मं निम्मं. सविता कोपरगावला दिली आहे, तिला कशाला वाटा, असं माझ्या भावाने सुचवून पाहिलं. भावाला मी चहा दिला आणि वाट दाखवली.

२) दागिने. सगळे सविताला. मालक गेले तेव्हा चार बायकांनी मंगळसूत्र काढा म्हणून आग्रह केला. मी काढलं नाही. माझ्यामागे तेही सवितानेच घ्यावं.

३) दुकान. माझ्याच नावावरचं 'दातीर फोटो' हे दुकान, दोन कॅमेरे, प्रिंटर, लॅपटॉप आणि दारावरची पाटी अमोलला मिळेल, पण एका अटीवर. अट पाचव्या कलमात आहे. आधी चौथं वाचावं, नाहीतर अट कळणार नाही.

४) झालेली हकीकत. मृत्युपत्रात हकीकत लिहीत नाहीत हे मला माहीत आहे. पण आमची खरी मिळकत हीच आहे, आणि ती अजून आमच्या नावावर झालेली नाही.

मालक छकड्यांच्या शर्यतीचे फोटो काढत. दोन जोड्या बरोबरीने आल्या तर पांढऱ्या रेघेवर कुणाच्या बैलाचं नाक आधी आलं, ते त्यांच्या फोटोवरून ठरे. फोटो चोरीलाही जात. लोक कोपऱ्यातलं नाव कातरत आणि आपलं टाकत. तेव्हा दुकानात जास्मिन गायकवाड ही मुलगी काम करायची, नगरला कॉलेजात संगणक शिकत होती. तिने लॅपटॉपवर एक सोय करून दिली. फोटो कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर घेतला की त्यात दोन खुणा बसत. त्यांना वॉटरमार्क म्हणतात. नोट उजेडात धरली की आतलं चित्र दिसतं, तसंच. फक्त या खुणा माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, लॅपटॉपलाच दिसतात.

पहिली खूण गोंदणासारखी. फोटो कातरा, लहान करा, कुठेही पाठवा, ती सांगणार की हा फोटो सूर्यभान दातीर यांचा. दुसरी दुधावरच्या सायीसारखी. कुणी बोट जरी लावलं तरी मोडते, म्हणजे फोटो होता तसा राहिलेला नाही हे कळतं. पहिली मालकीची, दुसरी खरेपणाची. जास्मिनने बजावलं होतं, "काका, तपासायची ती लॅपटॉपवरची मूळ फाइल. दुसरी कुठलीच नाही."

अडीच वर्षांपूर्वी, चैत्रात, शेजारच्या गावच्या यात्रेत शर्यत होती. गावाचं नाव लिहीत नाही, भांडण गावाशी नाही. यात्रा कमिटीचे अध्यक्ष भागवतराव आमच्या घरचेच म्हणावे असे. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाचा आल्बम मालकांनी फुकट केला होता. शेवटच्या फेरीत दोन जोड्या बरोबर आल्या. एक भागवतरावांच्या पुतण्याची, दुसरी आमच्या काष्टीच्या लंकाबाईची. फोटोत लंकाबाईचा बैल पुढे होता. पुतण्याकडची पोरं ओरडली, फोटो एडिट केलाय. मालक म्हणाले, खूण तपासा. तिथवर सगळं ठीक होतं.

मालकांनी लॅपटॉपवरची फाइल उघडली तेव्हा भागवतराव म्हणाले, "तुझ्या हातातली नको, सूर्यभान. ग्रुपवर टाकलीस ना? ती तपास. ती चार लोकांच्या डोळ्यांसमोरची हाय."

आमच्याकडे असंच आहे. चार लोकांसमोर ठेवलं ते खरं, एकाच्या हातात राहिलं ते संशयाचं. मालकांनाही तेच पटलं. लपवायचं काही नव्हतं, म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचा फोटो उतरवून घेतला आणि तपासला. ग्रुपवर फोटो टाकला की मोबाईल तो दाबून लहान करतो. बैलाचं नाक जागेवर राहतं, पण साय मोडते. गोंदण तेवढं टिकतं.

लॅपटॉपवर लाल अक्षरांत दोन ओळी आल्या. हा फोटो सूर्यभान दातीर यांचा आहे. या फोटोत बदल झालेला आहे.

दोन्ही ओळी खऱ्या होत्या. लोकांनी त्या जोडून वाचल्या. माइकवर नाव घेतलं गेलं की सूर्यभान फोटोवाल्याने फोटोत फेरफार केला, लंकाबाईची जोडी बाद. मानाची ढाल पुतण्याकडे गेली. मालक उन्हात उभे राहिले. आपल्याच खुणेने आपल्याला चोर कसं म्हटलं, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

जास्मिन तेव्हा पुण्याला नोकरीला लागली होती. रविवारी आली, मूळ फाइल तपासली. दोन्ही खुणा जागेवर. ती आणि मालक लॅपटॉप घेऊन भागवतरावांच्या घरी गेले. त्यांनी लॅपटॉप उघडू दिला नाही. म्हणाले, "पोरी, निकाल लागला. आता तुझं मशीन खरं, तर त्या दिवशीचं मशीन काय खोटं व्हतं का? मिटवा आता."

त्या दिवशी चूक झाली, हे मी समजून घेते. चूक मालकांचीही होती. पण समोर आणून ठेवलेलं खरं बघायचंच नाही, ही चूक नव्हे. हा हरामखोरपणा आहे. हा शब्द माझ्या कच्च्या कागदावर वकीलसाहेबांनी खोडला होता. मी पुन्हा लिहिला आहे.

पुढे काय झालं तेही लिहिते. मालक लग्नात फोटो काढायला गेले की पोरं म्हणत, "काका, नवरदेवाला जरा पुढं घ्या की, तुमाला येतंय." मालक हसत. घरी आले की कॅमेऱ्याची काच पुसत बसत, पुसलेलीच पुन्हा. लंकाबाई ओसरीवर येऊन भांडली. "इंदुबाई, तुमच्या मालकाला म्या कदी च्या बी पाजला न्हाई, आन लोक म्हनत्यात म्या फोटो इकत घेतला! इकत घ्यायचा असता तर बैलाला कशाला पेंड चारली असती वो? फोटोच चारला असता." मी तिला बसवलं, मूळ फोटो मोठा छापून दाखवला. ती रडली नाही. बैलाच्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, "बघा, हाय का न्हाई माझा राजा पुढं." मग तो फोटो पदरात धरून घेऊन गेली. तो तिचाच आहे, कोणी परत मागू नये.

५) अट. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर अमोलने यात्रा कमिटीला माफीनामा लिहून दिला. 'माझ्या वडिलांकडून फोटोत फेरफार झाला, त्याबद्दल क्षमस्व.' बदल्यात पुढच्या शर्यतीचं काम दुकानाला मिळालं. हे अमोलने घरात सांगितलं नाही. माफीनामा ग्रुपवर आला आणि मालकांनी तो स्वतःच्या मोबाईलवर वाचला.

मोबाईल माझ्यापुढे धरून त्यांनी एवढंच विचारलं, "सही अमोलचीच हाय का बघ."

मी म्हटलं, "हो."

"मग खरी हाय," म्हणाले आणि अंथरुणावर पडले. मार्गशीर्षात गेले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. माझी त्याला हरकत नाही.

अमोलशी मी भांडले तेव्हा तो म्हणाला, "आई, मला धंदा करायचाय. माफीनामा म्हंजे काय, एक कागद."

मी विचारलं, "आणि मृत्युपत्र म्हणजे काय?"

आता हा कागद वाचून त्याला उत्तर मिळेल.

तर अट अशी. अमोलने माफीनामा लेखी मागे घ्यावा. त्याच यात्रेत, त्याच मैदानावर, त्याच माइकवरून सांगावं की वडिलांचा फोटो खरा होता, आणि सर्वांसमक्ष मूळ फाइल तपासून दाखवावी. माझ्या मरणानंतर येणाऱ्या पहिल्या यात्रेत हे झालं, तर दुकान पाटीसकट त्याचं. झालं नाही, तर पाटी काढून सविताकडे द्यावी आणि दुकान जास्मिनला जावं. अमोलने दुसरीकडे दुकान थाटावं, पण त्यावर 'दातीर' लिहू नये. बापाचं नाव कातरून फोटो वापरणाऱ्यांना आपण चोर म्हणत आलो. बाप कातरून नाव वापरणाऱ्याला काय म्हणायचं, ते त्यानेच ठरवावं.

मी त्याची आई आहे. त्याला लहानपणी काळ्या खोलीची भीती वाटायची, तेव्हा फोटो धुताना मी त्याला कडेवर घेऊन उभी राहायची. ते मी विसरलेले नाही. तरीही अट कायम.

६) मूळ फाइल. ती लॅपटॉपवरून न दाबता, जशीच्या तशी हार्ड डिस्कवर घेतली आहे; ती डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये आहे, दुसरी प्रत जास्मिनकडे. दोन्ही माझ्यामागे जास्मिनच्या ताब्यात राहतील. खुणा वाचायला लागणारा परवलीचा शब्द फक्त तिला आणि मला माहीत आहे. तो इथे लिहीत नाही. मृत्युपत्र दहा माणसं वाचतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती आमच्या जातीची नाही, चर्चला जाणारी आहे, असं कुणी म्हणेल. मालकांच्या बाजूने भागवतरावांच्या घरी त्यांच्यासोबत ती एकटीच गेली होती. जातवाले तेव्हा ग्रुपवर हसत होते.

७) बाकीचे फोटो. चाळीस वर्षांची लग्नं, बैल, बारशी, गेलेली माणसं. ज्याचा फोटो आहे त्याने मागितला तर द्यावा. पैसे घेऊ नयेत, खूण पुसू नये.

८) भागवतराव. त्यांना मी काही देत नाही. मालकांच्या दहाव्याला त्यांनी माइक घेऊन श्रद्धांजली वाहिली होती. म्हणाले, "सूर्यभान मोठ्या मनाचा मानूस. एक चूक झाली, पन आपन मोठ्या मनानं माफ केली." पिंडाला कावळा शिवायचा होता, म्हणून मी उठले नाही. माझ्या दहाव्याला ते आले तर पाणी द्यावं, जेवायला वाढावं. माइक देऊ नये.

९) शेवटचं. वरचं सगळं मी मेल्यावर करायचं, असं या कागदाचं स्वरूप आहे. लिहिता लिहिता मला ते पटेना. मालक मेल्यावर खरे ठरणार, मग मीही मरून वाट बघायची का? येत्या चैत्रात मी स्वतः हार्ड डिस्क घेऊन मैदानावर जाणार आहे. जास्मिनने रजा टाकली आहे. लंकाबाई बैल घेऊन येते म्हणाली. शर्यतीला नाही, नुसता बघायला उभा करते म्हणाली. अमोलला मी बोलावलेलं नाही. त्याला तारीख माहीत आहे.

साक्षीदारांबद्दल. डॉ. अश्विनी गुंड यांनी मला तपासून शुद्धीत असल्याचं लिहून दिलं. दुसरे साक्षीदार बबन काळाणे हे शर्यतीचे समालोचक. त्या दिवशी माइकवर मालकांचं नाव यांनीच घेतलं होतं. आज त्यांना ओसरीवर बोलावून मी हा कागद हातात दिला.

ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी कमिटीनं चिठ्ठी दिली, ती म्या वाचली. माझं काम तेवढंच."

मी म्हटलं, "आज मी देते. हीही वाचा. मैदानावर वाचता तशी."

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. आवाज आधी दबका होता, चौथ्या कलमाला मोठा झाला. रस्त्यावरची माणसं थांबली. 'हरामखोरपणा' आला तिथे ते अडले, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. आठव्या कलमापर्यंत ओसरीपुढे उभं राहायला जागा नव्हती. आतल्या खोलीत अमोल होता, तो बाहेर आला नाही, पण त्याने दारही लावून घेतलं नाही.

वाचून झाल्यावर बबनरावांनी कपाळ पुसलं, सही केली आणि म्हणाले, "वहिनी, चैत्रात माइक माझ्याकडंच हाय."

ही वाचनाची हकीकत आणि त्यांचे शब्द मी सहीनंतर त्यांच्यादेखतच लिहिले आहेत. त्यांची हरकत नाही.

लिहून देणार: इंदुबाई सूर्यभान दातीर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. अश्विनी गुंड (सही)
२. बबन काळाणे, समालोचक (सही)

ठिकाण: राहत्या घराची ओसरी, काष्टी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५