तिला वर्गात विचारू नका

६ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला आज बसतेय. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून घरी आले की माझेच गुडघे कुरकुरतात. फिजिओथेरपिस्टच्या घरी कुणी फिजिओथेरपिस्ट येत नाही, म्हणून पाय उशीवर टाकून लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

आमचे वकीलसाहेब, म्हणजे तुझी लाडकी भाची, बरे आहेत. सोळावं लागल्यापासून माझ्यापेक्षा उंच दिसायला लागलेत. शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं त्याला आता दोन वर्षं होतील. गणित मी कसंबसं रेटते, विज्ञानाचे व्हिडिओ दोघी बघतो, भाषा तिची तिला येते. इतिहास तू सांभाळलास. तुझं जाड पाकीट आलं की ती दार लावून बसते आणि चार पानांचं उत्तर लिहूनच बाहेर येते. म्हणून पुढचं लिहायला मला जड जातंय.

वरच्या इयत्तांसाठी तिला इतिहासाचा ऑनलाइन वर्ग लावावा म्हणते. लाइव्ह, ठरलेल्या वेळी, समोर शिकवणारं माणूस आणि सोबत मुलं. शाळेत ती अडखळायची, वर्ग हसायचा, म्हणून तर आपण तिला घरी ठेवलं. पण आता ती फोनसुद्धा उचलत नाही. परवा पार्सल घेऊन माणूस आला, त्याने नाव विचारलं, तर हिने कागदावर लिहून दाखवलं. घरात माझ्याशी एवढी हुज्जत घालणारी मुलगी बाहेरच्यांपुढे मुकी होत चालली आहे, आणि हे असंच राहिलं तर पुढे काय, या विचाराने मी थकून गेलेय.

हे जहाजावरच आहेत. फोनवर म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. या वाक्याचा मला आता फार कंटाळा आलाय. वर्ग तर ढिगाने आहेत, सगळ्यांचे फोटो हसरे. कुठला घ्यायचा ते तू सांग. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

म्हणजे मला दुसऱ्यांदा निवृत्त करायचं ठरलं तर. राग आला का विचारशील, तर आला. दुपारी आला आणि संध्याकाळचा चहा होईपर्यंत गेला. या घरात आता माझ्याशिवाय रागवायला कुणी नाही, म्हणून मी तो फार वेळ ठेवत नाही.

तुझं म्हणणं बरोबर आहे. आमचं दोघींचं एवढं जमतं ते कशामुळे हे मला कळतं. मला ऐकू येत नाही आणि तिला बोलायचं नसतं. कागदावर दोघीही अगदी फर्ड्या. कानातलं यंत्र मी हल्ली खणातच ठेवते, नुसतं शिट्ट्या मारतं मेलं. माझं वय झालं, माझं चालतं. तिचं चालायचं नाही.

आधी रेकॉर्ड केलेले तास बाजूला काढ. मग जाहिराती वाचणं बंद कर. प्रत्येक वर्गाचा नमुन्याचा एखादा तास असतो, त्याला बस आणि एवढंच बघ, की शिकवणारा प्रश्न विचारल्यावर काय करतो. बहुतेक मास्तर प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देतात. मीही द्यायचे, घंटा व्हायची भीती असते. ज्याला प्रश्न विचारून गप्प बसता येतं तो धर. सनावळ्या काय, पुस्तकातही मिळतात.

तू जेवतेस ना वेळेवर? मागच्या फोटोत गालफडं बसलेली दिसली. जपून राहा, आणि मोठ्या बहिणीला अधूनमधून आठवत जा.

तुझी,
अक्का

२४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तीन वर्गांना बसून आले. बसून म्हणजे आपल्याच जेवणाच्या टेबलाशी, पण दमणूक प्रवासाची झाली. वकीलसाहेब शेजारी कॅमेरा बंद करून टोस्ट खात होते.

पहिल्या सरांचा आवाज छान होता. इतका छान की मला डुलकी लागली. ते स्लाइड वाचायचे, समजलं ना असं विचारायचे आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढे जायचे. मुलांच्या जागी नुसते काळे चौकोन. एखादा मुलगा वर्ग सोडून निघून गेला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता.

दुसरा तरुण मुलगा होता. मागे संगीत, बरोबर उत्तराला तारा, पाच तारे झाले की घंटी. वकीलसाहेबांनी सगळे तारे मिळवले आणि लॅपटॉप मिटून मला सांगितलं, की हा बटण दाबायला शिकवतो, इतिहास त्याच्या वाटेत मध्ये येतो.

तिसऱ्या बाई पूर्वी एका संग्रहालयात नकाशे सांभाळायच्या. वर्गात जेमतेम दहा मुलं. त्यांनी एका जुन्या बंदराचा नकाशा लावला आणि विचारलं, की इथे पाण्याजवळ राहायची परवानगी कुणाला असेल आणि ती कोण देत असेल. मग त्या गप्प बसल्या. अक्का, मला वाटलं नेट गेलं. मी उठून राउटरचे दिवे बघून आले. परत आले तेव्हा एक मुलगा बोलत होता, दुसरी त्याला खोडत होती, आणि आमची मुलगी टोस्ट बशीत ठेवून पुढे सरकून बसली होती.

तिला हाच वर्ग हवाय. पण इथे दर तासाला प्रत्येकाने बोलायचंच असा नियम आहे. पाळी आली, ती अडली आणि कुणी हसलं, तर ती लॅपटॉप पुन्हा उघडायची नाही. एकदा तिला त्या शाळेच्या फाटकातून रडत आणलंय मी, परत तेवढी ताकद माझ्यात नाही. काय करू ते लवकर कळव. तुझ्या शब्दाची वाट बघते.

तुझी,
धाकटी

३० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

राउटरचे दिवे वाचून मी एकटीच इतकी हसले की खालच्या बाईंनी वर येऊन, दारावर घंटेऐवजी माझ्यासाठी दिवा लावलाय ना, त्याचं बटण दाबलं. तिसरा वर्ग घे, विचारसुद्धा करू नकोस.

भीतीचं म्हणशील तर सोपं आहे. बाईंना आधीच चार ओळी लिही, की मुलगी अडखळते, तिला वर्गात विचारू नका, ती उत्तर टाइप करून देईल. माझ्या वर्गात अशी मुलगी असती तर तिच्या आईने सांगितलेलं मला बरंच वाटलं असतं. रुळली की पुढचं पुढे. वकिलाला यातलं काही सांगू नकोस, उगीच ओशाळेल.

आता झोप पुरी कर. माझी माया आहेच, ती गृहीत धर.

तुझी,
अक्का

१८ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा उपाय लागू पडला. बाईंनी उलट टपाली होकार दिला. मुलगी ठरल्या वेळी कानाला हेडफोन लावून बसते, उत्तरं टाइप करते, बाई ती वर्गाला वाचून दाखवतात आणि कौतुकही करतात. मीही रात्री नीट झोपायला लागलेय. उशीला डोकं लागलं की सकाळच.

या आठवड्यात मात्र स्वारी बिनसलेली आहे. दारं आपटते, ताट अर्धं ठेवते, विचारलं तर खांदे उडवते. वयच तसं आहे म्हणून मी सोडून दिलं. खरं सांगायचं तर खोदून विचारायला अंगात त्राण नाही. कालच एका आजोबांना जिना चढायला लावला, ते मला शिव्या देत चढले आणि वर पोचल्यावर रडले. घरी आल्यावर मला फक्त शांतता हवी असते. तू तुझ्या पाठीला जप, आणि आठवण ठेव.

तुझी,
धाकटी

२३ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

या पाकिटात इतिहासाचं उत्तर नाही, भांडण आहे.

आमच्या वर्गात बोलायचं असलं की स्क्रीनवर हात वर करायचा. त्याचं पिवळं चित्र सगळ्यांना दिसतं. मागच्या आठवड्यात मी हात वर केला. बाईंनी माझ्यामागून हात वर केलेल्या मुलाला बोलावलं. मला वाटलं दिसला नसेल. पुढच्या तासाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या तासाला मी हात खाली घेतलाच नाही, तास संपेपर्यंत तसाच ठेवला. मग बाईंना लिहून विचारलं, की मी तुम्हाला वर्गात नको आहे का. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आईने काय लिहिलं होतं ते त्यांनी मला सांगितलं.

तो हात वर करायला मला किती दिवस लागले ते तुम्हा दोघींना माहीत नाही. मी गच्चीत जाऊन चादरींच्या आड उभी राहून वाक्यं म्हणून बघत होते. आणि तुम्ही माझं तोंड आधीच बंद करून ठेवलं होतं. शाळेतली मुलं वाईट होती, पण हसण्यासाठी तरी ती मला आधी बोलू द्यायची.

आईशी मी बोलत नाहीये. म्हणजे अडखळून नव्हे, ठरवून. ती म्हणते हा सल्ला तुझा होता. खरं की खोटं तेवढं लिही. राग आहे, पण तुझ्यावरचा लोभ गेलेला नाही, हे पत्राचा नियम म्हणून लिहिलेलं नाही.

तुझी,
भाची

२८ जुलै

चि. वकीलसाहेबांस,
अ. उ. आ.

खरं आहे. सल्ला माझाच. आईवरचा अर्धा राग माझ्या नावावर करून टाक.

मला वर्गात ऐकू येईनासं झालं तेव्हा सगळे माझ्याशी फार चांगले वागले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझे मोठे वर्ग काढून घेतले आणि तपासायला पेपर दिले. मला वाईट वाटू नये म्हणून कुणी मला सांगितलंसुद्धा नाही. फळ्यावर नवं वेळापत्रक लागलं, त्यात मला कळलं. मी घरी येऊन तुझ्या आईपाशी खूप रडले होते. एवढं सगळं सोसून मी तुझ्या बाबतीत तेच केलं, तेही मायेने. तुझं पत्र वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही गं.

बाईंना आता तूच लिही. तुला जे आणि जसं हवंय ते तुझ्या शब्दांत. आईला त्यात घेऊ नकोस, मलाही नको.

आणि इतिहासाची पाकिटं मी आता पाठवणार नाही. ही शिक्षा नव्हे. तुझ्या मनात जे येतं ते तू मला लिहून मोकळी होतेस, मग वर्गासाठी काय उरणार? माझ्या दुपारी रिकाम्या पडतील, त्यांचं काय करायचं ते मी बघेन. साधी पत्रं मात्र लिहीत जा, गच्चीत कुणी काय वाळत घातलंय तेही चालेल. या म्हातारीला टाकू नकोस.

तुझी,
मावशी

९ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि वकीलसाहेबांनी अबोला सोडला. सोडला तो माझी उलटतपासणी घ्यायला. एखाद्या पेशंटच्या बायकोने तुला चिठ्ठी दिली, की ह्यांना चालायला लावू नका, दुखतं, तर तू काय करशील, असं मला विचारलं. मी म्हटलं, दोघांनाही घरी पाठवीन. मग मी ओट्याला टेकून बराच वेळ रडले, आणि ती पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी राहिली.

बाईंना तिने स्वतः लिहिलं. काय ते मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

कालच्या तासाचं तुला सविस्तर लिहिते, कारण ते मी लिहिल्याशिवाय तुला कळायचं नाही. हेडफोन तिने काढून ठेवले होते. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, मधलं दार उघडं होतं. बाईंनी एका गावाचे दोन नकाशे लावले, एक जुना, एक नंतरचा. जुन्यात बाजार नदीच्या अलीकडे आहे, नंतरच्यात पलीकडे. तो का हलला असेल असं विचारून त्यांनी हिला बोलावलं.

आधी काहीच आलं नाही. मग ‘मला वाटतं’ एवढं आलं, ते सरळ आलं. मग ती ब वर अडली. एरवी अशी अक्षरं ती टाळते. बस न म्हणता गाडी म्हणते, बटाटा न म्हणता भाजी. इथेही तिला मंडई म्हणून सुटता आलं असतं. पण बहुतेक बाजारच म्हणायचं तिने ठरवलं होतं. ब आला, फिरून आला, पुन्हा आला आणि थांबला. कुणाच्या तरी घरचं कुत्रं भुंकलं. आत जाऊन तो शब्द आपणच म्हणून टाकावा असं मला इतकं झालं, की मी नळ गच्च धरून ठेवला. मग बाजार आला, अख्खा, आणि त्याच्यामागून बाकीचं सगळं वाक्य. तिचं म्हणणं, अलीकडे मोठी आग लागली असणार, म्हणून लोक दुकानं उचलून पलीकडे गेले. कुणी हसलं नाही.

बाई म्हणाल्या, नाही, हे चुकलं. आग लागली असती तर आजूबाजूची घरंही नकाशातून गेली असती, ती तर जशीच्या तशी आहेत, पुन्हा नीट बघ. इतर मुलांना म्हणतात त्याच सुरात म्हणाल्या. अक्का, तिला चुकलं असं तोंडावर म्हटलेलं मी किती वर्षांनी ऐकलं. तिचं वाक्य पुरं झालं याच आनंदात आपण असायचो, ती काय बोलली ते आपण ऐकतच नव्हतो.

ती नकाशा बघत होती. मग तिने पुन्हा बोलायला सुरुवात केली, आणि मी मधलं दार हळूच ओढून घेतलं. पुढे ती काय म्हणाली ते मलाही माहीत नाही.

फार दमलेय, पण बरं वाटतंय. तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
धाकटी