काळ्या शाईने भरलेले वर्तुळ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, प्रेस शॉपचा निवृत्त डाय सेटर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रात पोलादी साचे बसवणारा, आणि आमच्या कामगार संघटनेचा बावीस वर्षे सरचिटणीस, ज्याला कारखान्याच्या फाटकावर सगळे भोंगा म्हणत आले, आज पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल तसा दाखला द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आयुष्यभर दबाव मीच टाकला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे दुसरे निघाले तर ते खोटे समजावे आणि काढणाऱ्याला जिन्यावरून खाली ढकलावे.

कलम १. राहत्या घराच्या खालच्या दोन खोल्या पत्नीच्या. वरची खोली आणि गच्ची माझ्या भावजयीची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या विधवेची. त्या दोघींच्या हयातीत मुलाने घर विकायचे नाव काढले, तर जिन्याखाली लोखंडी गज ठेवलेला आहे. पत्नीला तो उचलता येतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. पासबुक कुठे आहे हे मला ठाऊक नाही. तिला आहे.

कलम ३. इतिहासाची, कायद्याची आणि बंडांची माझी चार कपाटे पुस्तके संघटनेच्या कचेरीला. यांतली वाक्ये उचलूनच मी फाटक पेटवत असे. शब्द हे कामगाराचे हत्यार आहे असे मी सांगत आलो. ते कोणाच्या मानेवर पडते हे बघायला मी शिकवले नाही, कारण ते मलाच येत नव्हते.

कलम ४. माझी हत्यारांची पेटी, म्हणजे टॉर्क पाना, साधे पाने, डायल गेज, ॲलन कीचा संच आणि पितळी हातोडा, मी पॅकरला देतो. पॅकर कोण हे जुन्यांना सांगायला नको. नव्यांना सांगायला हवे, कारण त्यांना मी जे सांगितले ते खोटे आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी या भागातल्या कारखानदारांच्या मंडळाने मनुष्यबळाचा आराखडा काढला. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. पाच वर्षांत पॅकिंग यंत्रावर जाणार, डाय सेटर निम्मे पुरणार, दोन वर्षांचे शिक्षण सहा आठवड्यांत उरकणार. ज्याला एकच काम येते तो जादा.

शॉपच्या भिंतीवर कौशल्य तक्ता असे. प्रत्येक नावापुढे प्रत्येक कामाचे एक वर्तुळ. माणूस शिकत असेल तर त्याचा पाव भाग भरायचा, कोणाच्या देखरेखीखाली करत असेल तर अर्धा, एकट्याने करत असेल तर पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकत असेल तर पूर्ण. भरायचे काम फोरमनचे, निळ्या शाईने. संघटनेतर्फे तक्त्याखाली सही माझी, काळ्या शाईने. आराखडा आला आणि नियम निघाला की दुसऱ्या एखाद्या कामात किमान पाऊण वर्तुळ नसेल तो घरी जाईल.

पॅकिंगमध्ये बारा जण होते. मी फाटकावर गरजलो, "आपल्या एकाला जरी हात लावला, तर हा आराखडा त्यांच्याच घशात कोंबू!" टाळ्यांनी पत्रे हलले. मग जेवणाच्या सुट्टीत, शॉप रिकामे असताना, मी काळे पेन काढले आणि बाराही जणांच्या दुसऱ्या कामाची वर्तुळे भरून टाकली.

फोरमन दारात आला. "भोंग्या, हे काय करतोयस?"

"माणसं वाचवतोय. तोंड उघडलंस तर दात घशात घालीन."

त्याने उघडले नाही.

त्या बारांतल्या पॅकरला तोपर्यंत डाय बसवण्याचे नऊ दिवसांचे शिक्षण मिळाले होते. निळा पाव भाग. उरलेले तीन भाग माझ्या शाईचे. तो मला म्हणाला होता, "दादा, मला अजून नीट जमत नाही." मी म्हणालो, "हात बसेल. घरच्यांच्या तोंडाकडे बघ आणि गप्प राहा."

डाय बसवली की मोटर चालू करण्याआधी प्रेसचे मोठे चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवायचे असते. वरचा पंच खालच्या डायमध्ये सरळ उतरतो की कडेला अडतो, ते हाताला कळते. हा धडा दहाव्या दिवशीचा. वर्तुळ पूर्ण भरलेल्या माणसाला तो कोण शिकवणार?

सकाळी दहाच्या सुमाराला पॅकरने डाय बसवली, बोल्ट आवळले आणि थेट मोटर चालू केली. प्रेसवर माझा धाकटा भाऊ होता. पहिल्याच ठोक्याला शंभर टनांच्या जोराने पंच डायच्या कडेवर आपटला आणि फुटला. करंगळीएवढा पोलादाचा तुकडा भावाच्या गळ्यात शिरला. तो माझ्या दिशेने दोन पावले चालला, काही सांगायला तोंड उघडले, आणि शब्दांऐवजी रक्त आले. मी दोन्ही हातांनी गळा दाबून धरला. रक्त बोटांमधून येत राहिले. मग यायचे थांबले.

मी उठलो आणि पॅकरला टॉर्क पान्याने मारले. डावा हात तीन ठिकाणी मोडला, मग जबडा. तो ओरडत होता, "दादा, मला माहीत नव्हतं! कुणी सांगितलंच नाही!" पन्नास माणसे उभी होती, सगळी माझ्या भाषणांवर वाढलेली. एकानेही मला धरले नाही. तिघांनी त्याला लाथा घातल्या.

भावाचे प्रेत उचलण्याआधी मी भिंतीवरचा तक्ता फाडून शर्टात घातला.

चौकशीत पॅकर मोडक्या जबड्याने म्हणाला, "मी नऊच दिवस शिकलो होतो." साहेबांकडे टाइप केलेली नोंद होती: वर्तुळ पूर्ण. शाईचा रंग नोंदीत येत नाही. मी उठून ओरडलो, "हा खुनी आहे!" सगळे सभागृह माझ्यामागे ओरडले आणि पॅकरचा आवाज त्यात बुडाला. त्याची नोकरी गेली. आठवड्याभरात त्याच्या घराच्या काचा फुटल्या. दगड मारणारी माणसे मी पाठवली होती.

तो आराखडा निर्दोष होता असे कोणी समजू नये. दोन वर्षांचे काम सहा आठवड्यांत कोंबणाऱ्यांचे हात रक्ताने माखलेले आहेत, आणि हे मी मेल्यावरही मागे घेणार नाही. पण माझ्या भावाला लागलेला तुकडा माझ्या पेनातून सुटला.

गेल्या महिन्यात पत्नीचे शिलाई मशीन दुरुस्तीला घेऊन गेलो. दुकानात पॅकर बसला होता. डावा हात मांडीवर निपचित. त्याने उजव्या हाताने तेल घातले, सुई बसवली, आणि मशीन परत देण्याआधी त्याचे चाक सावकाश एक पूर्ण फेरी फिरवून पाहिले.

"काय भोंगा," तो म्हणाला, "आज आवाज बसला वाटतं?"

कलम ५. तो फाडलेला तक्ता पेटीच्या तळाच्या पत्र्याखाली आहे. तो माझ्या मुलाला. मुलगा आज मोठ्या पगारावर याच भागातल्या कारखान्यांसाठी मनुष्यबळाचे आराखडे करतो. मागच्या भेटीत मला म्हणाला, "बाबा, आता सगळ्याच प्रेसवर रोबोट येणार. जुन्या माणसांना अकरा दिवसांचं ट्रेनिंग पुरतं."

"कशाला पुरतं? मरायला?"

"तुम्हाला प्रत्येक ठिकाणी खूनच दिसतो."

हो, दिसतो. मी केलेला आहे. मुला, हा तक्ता तुझ्या टेबलासमोर लाव. एखादे वर्तुळ भरण्याआधी त्या माणसासमोर उभा राहा आणि त्याला हाताने चाक फिरवायला सांग. तक्ता लावला नाहीस, तर माझ्या मालकीचे दुसरे काहीही तुला मिळणार नाही. बापाचे नाव लावतोस, तेवढे फुकट आहे.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला भाषण नको. त्याऐवजी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे फाटकावर असताना, सध्याच्या सरचिटणीसाने माझ्याच कर्ण्यावरून कलम ४ पूर्ण वाचावे. संघटनेची बदनामी होते म्हणून तो कचरला, तर चारही कपाटे परत आणावीत.

पुरवणी. वरील मसुदा आणि तक्ता मी काल पॅकरला नेऊन दाखवला. त्याने काळ्या भागांवरून बोट फिरवले.

"पेटी नको मला," तो म्हणाला. "यातल्याच पान्याने मारलंस ना?"

"हो."

"मग तो पाना मी माझ्या दुकानात टांगू? अक्कल आहे का, भोंग्या? भावाच्या मुलीला दे. ती त्याच शॉपात रोबोट चालवते म्हणे. तिला कुणीतरी खरं सांगायला हवं." मग त्याने शेवटचे पान उलटले. "खाली साक्षीदार कोण?"

"डॉक्टर आणि वकील."

"वकिलाला काढ. चौकशीत माझं एक वाक्य कुणी ऐकलं नाही. आता जो कुणी हे वाचेल, त्याला तुझ्या नावाखाली माझं दिसू दे. आणि माफ केलं असं समजू नकोस."

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. त्यामुळे कलम ४ मधले दान रद्द करून हत्यारांची पेटी मी पुतणीला देतो. कलम ४ मधली बाकीची हकीकत तशीच राहील.

आज सही करण्याआधी पॅकरने मला ते कलम मोठ्याने वाचायला लावले. दोनदा मी अडखळलो. तो म्हणाला, "पुन्हा वाच. फाटकावर वाचायचास तसं." मी वाचले. भावजय दारात उभी राहून ऐकत होती, हे मला वाचून झाल्यावर कळले. ती आत आली. "एकोणीस वर्षं या माणसाला शिव्या घालायला लावल्यात मला," एवढे बोलून तिने सगळ्या ताकदीनिशी माझ्या तोंडात मारली. डॉक्टर उठले, मी त्यांना हाताने थांबवले. मग तिने पॅकरसमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

सही मी निळ्या शाईने केली आहे. शेवटच्या पानावर पडलेला डाग माझ्या ओठातल्या रक्ताचा आहे. ती खाडाखोड समजू नये.

सही: भोंगा, निवृत्त डाय सेटर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार १: पॅकर, शिलाई मशीन दुरुस्ती, सही उजव्या हाताने
साक्षीदार २: उपचार करणारे डॉक्टर

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
तारीख: नऊ मार्च, भाऊ गेला तीच