वेंडेलच्या मुलांचा रंग कोणी उजळू नये

मी, संघमित्रा वेंडेल हार्ग्रोव्ह, माहेरची रामटेके, वय एकाहत्तर, राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. फक्त तापलेलं आहे. इंग्रजी प्रत वकिलाने यावरूनच केली आहे.

माझा दिवंगत नवरा वेंडेल हा कृष्णवर्णीय चित्रकार. जन्मभर त्याने लहान मुलांच्या पुस्तकांत काळी मुलं काढली आणि जन्मभर प्रकाशकांशी भांडला, कारण छापून येताना ती मुलं दर वेळी गोरटी होऊन येत. तो गेला, भांडण माझ्या गळ्यात पडलं.

१. राहतं घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी मैत्री हिला. त्याबद्दल वाद नाही.

२. मोठी पातेली व पराती आंबेडकर जयंतीच्या जेवणासाठी इथल्या आपल्या मंडळाला. भांड्यांनी कुणाचं वाकडं केलेलं नाही. चित्र मात्र एकही देऊ नये. जयंतीच्या पोस्टरसाठी वेंडेलने हौसेने मुलं काढून दिली, तर मंडळाच्या आपल्याच सेक्रेटरीने, प्रितमने, ती फोनवर उजळली. वर मलाच म्हणतो, "काकू, डार्क येत होतं, म्हणून थोडं ब्राइट केलं. छान दिसतंय ना?" जयंतीच्या पोस्टरवर! मग परक्यांना कोणत्या तोंडाने बोलायचं?

३. माझा नागपूरचा भाऊ राजाराम "पोरं काळी होतील" म्हणून लग्नाला आला नाही. स्वतः काय मोठा गोरापान लागून गेलाय! त्याला आमचा लग्नातला फोटो, फ्रेमसकट. माळ्यावर टाकू नये.

४. वेंडेलची मूळ चित्रं इथल्या लायब्ररीत, मुलांच्या विभागात, मुलांना दिसतील इतकी खाली लावावीत.

५. पुस्तकांचे हक्क. इथे माझा जीव अडकलाय. प्रकाशकाला वेंडेलचं पहिलं पुस्तक रंग आणखी उजळून पुन्हा काढायचंय, आणि मैत्री सही करायला तयार आहे. "आई, इट्स जस्ट ब्राइटनेस. नोबडी विल नोटिस." मला रागाने रडू आलं. तरी हक्क तिलाच देते. दुसरं आहे कोण?

मैत्री, त्या पुस्तकातली मुलगी तू आहेस. बाबा तुझ्या उजव्या मनगटावर रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका कातडीत दिसेनासा झाला, की मगच तो तुझा चेहरा रंगवायला घ्यायचा. नव्या छपाईचं पान आलं की त्याच मनगटाशेजारी धर. वकील म्हणतो, अशी अट कोर्टात टिकत नाही. न टिको. रंग जुळला नाही तरी सही करायला तू मोकळी आहेस, मी अडवायला नसेन. फक्त सही त्याच हाताने करावी लागेल.

वरील सर्व वाचून, मनापासून पटून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

संघमित्रा हार्ग्रोव्ह (सही)

साक्षीदार:
नैना सोनटक्के, शेजारीण (सही)
कुशल मेश्राम (सही)

पिस्कॅटवे, दि. २२ फेब्रुवारी २०२५