सांडवा होईपर्यंत

पाथर्डी,
मे १९७३

प्रिय विजू,

तुझं पत्र मिळालं. आधी हसलो, मग जे डोकं चक्रावलंय ते अजून ताळ्यावर नाही. उत्तर लिहायला बसतो नि उठतो. तुझे पाय सुजतात म्हणतेस, तर आईला न जुमानता दुपारी सरळ आडवी होत जा. मी बरा आहे. टँकरचं पाणी नि कामावरची सुकडी, एवढ्यावर चाललंय. काळाठिक्कर पडलोय, ते मात्र आईला कळवू नकोस.

आमच्या पाझर तलावाचा भराव आता दोन पुरुष उंच झालाय. अख्खी पंचक्रोशी टोपल्यांनी माती वाहतेय. मातीकामाला माणसं खूप लागतात, आणि माणसांना काम देणं हाच तर या दुष्काळी कामांचा हेतू. पण तलावाला सांडवाही लागतो ना गं, जादा पाणी बाजूने निघून जायची वाट. ती इथे कातळातून काढायची आहे. त्याला सुरुंग हवेत, माणसं थोडकीच. म्हणून वरच्या साहेबांनी ते काम मागे ठेवलं आणि माती चढवत नेली. आता कुठे कातळ फुटायला लागलाय. सांडवा पुरा व्हायला तीन आठवडे तरी हवेत. त्याच्या आत मोठा पाऊस झाला, तर पाणी भरावाच्या डोक्यावरून जाईल, आणि मग मातीचा भराव टिकत नाही. खाली ओढ्याकाठी वस्ती आहे. हीच माती वाहणाऱ्यांची.

भराव मधे फोडून वाट ठेवू का, असं विचारलं, तर साहेब उखडले. लोकांनी डोक्यावर वाहिलेली माती त्यांच्या डोळ्यांदेखत उकरणार का म्हणे! ते तरी काय चूक बोलले? मग वस्तीवर गेलो, म्हटलं थोडे दिवस माळावर राहायला चला. रतनबाई म्हणून एक आहे, भारी तोंडाळ. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, पान्यापायी डोळं पांढरं झालं, आन् तुमी आमाला पान्याला भ्यायला शिकिवता व्हय?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

परवा दुपारी आभाळ भरून आलं. लोकांनी टोपल्या टाकल्या. गहिनीनाथ मुकादम, एरवी हजेरी घेताना बापाला ओळख न देणारा माणूस, त्याने फेटा काढून हवेत उडवला आणि मला मिठी मारली. आणि मी, विजू, त्याच्या मिठीत उभा राहून मनातल्या मनात ढगाला म्हणत होतो, जा बाबा, जा. गेलाच तो. रतनबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. मला हायसं वाटलं! तिच्या रडण्याकडे बघत मला हायसं वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. दुष्काळ हटवायला आलेला इंजिनिअर मी, नि पाऊस हुकला म्हणून खूश? यांचं भलं मला कळतं की यांना? कॉलेजात सगळी गणितं शिकवली, हे कुणी शिकवलं नाही. काही सुचत नाही. सुरुंगवाल्यांवर उगीच खेकसतो, मग त्यांना चहा पाजतो.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय, ते. पाऊस पडला की कामं थांबतील, मी कोपरगावला येईन, आपलं बाळ होताना तुझ्यापाशी असेन, म्हणून तू देव पाण्यात ठेवलेस असं लिहिलंस. तुझ्या सोवळ्याओवळ्याची टिंगल करणारा मी, हे वाक्य मात्र पुन्हा पुन्हा वाचतोय. दिवस भरत आलेत, हे का मला ठाऊक नाही? मलाही यायचंय. तुला एकटीला कळा सोसाव्या लागतील या विचाराने जीव थाऱ्यावर राहत नाही. तरी माझं एवढं ऐक. आईला काय सांगायचं ते सांग, माझ्यावर रागव, पण देव पाण्यातून काढ. कोरडे पुसून देव्हाऱ्यात ठेव, आणि त्यांना म्हण, सुमंतला एवढ्यात घरी आणू नका.

तुझाच,
सुमंत