पिचिंगच्या मॅडमची निरवानिरव

मी, बसम्मा भरमाप्पा कडगावे, वय वर्षे त्रेसष्ट, महाविद्यालयातून निवृत्त शारीरिक शिक्षण प्रशिक्षक, मूळ गाव नूल, तालुका गडहिंग्लज, सध्या राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, आज माझ्या राहत्या घरी बसून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर हे काम एकदाचे हातावेगळे व्हावे म्हणून लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

माझा उजवा हात हल्ली थरथरतो. डोके थरथरत नाही. तसा दाखला डॉ. पृथ्वीराज माने यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मसुदा वकीलसाहेबांनी करून दिला होता. तो वाचताना दुसऱ्याच कोणा बाईचा वाटला, म्हणून कलमे त्यांची ठेवून मजकूर मी माझा घातला आहे. त्यांनी हरकत घेतली नाही, उसासा तेवढा टाकला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. नूल येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा माझा धाकटा भाऊ शिवशरण यास द्यावा. जमीन तोच कसतो, माझे नाव उताऱ्यावर नुसते बसून आहे. मी बेसबॉल शिकवायला लागले तेव्हा तो म्हणाला होता, "अक्का, पोरींस्नी चेंडू फेकायला शिकवून कुणाचं पोट भरतंय?" जमीन मात्र त्याचीच आहे आणि त्याबद्दल मनात काही ठेवलेले नाही.

कलम २. शाहूपुरीतील दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. त्या सुष्मिता महादेव चौगुले हिला द्याव्यात. अट एकच, की माझ्याकडे स्वयंपाकाला असलेल्या अंबूबाई यांना त्यांच्या हयातीपर्यंत मागच्या खोलीत राहू द्यावे आणि त्यांच्या तपकिरीवरून बोलू नये. मी पुष्कळ बोलून पाहिले आहे.

भावाची मुले असताना घर बाहेर का दिले, असे विचारले जाईल. सुष्मिता कोण, हे सांगायचे तर मला तो हंगाम सांगावा लागेल. सांगायचा कंटाळा आहे, पण न सांगता गेले तर दुसरे लोक त्यांच्या परीने सांगतील.

मी मूळची भालाफेकीतली. कॉलेजने मुलींचा बेसबॉल संघ काढला तेव्हा मुख्य प्रशिक्षक विजयसिंह इंगवले सर झाले. फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण त्यांनी स्वतःकडे घेतले आणि पिचर मुली मला दिल्या. म्हणाले, "तुम्ही भाला टाकलाय, तुम्हाला खांद्याचं कळतंय." तेवढे ते खरे बोलले होते. पिचर म्हणजे मधल्या उंचवट्यावरून फलंदाजाकडे चेंडू टाकणारी. सगळा सामना तिच्या खांद्यावर आणि कोपरावर चालतो, आणि कोपर तर माणसाचेच असते.

आमचे मैदान क्रिकेटवाल्यांबरोबर सामाईक होते. सकाळी आम्ही तांबडी माती ओतून, ती धुम्मसाने चोपून उंचवटा घालायचा आणि दुपारी त्यांनी तो सपाट करायचा. संबंध हंगाम हेच चालले. तक्रार केली की सर म्हणायचे, तेवढाच तुमच्या मुलींचा व्यायाम होतो.

त्या हंगामात माझ्याकडे तिघी होत्या. शबनूर डावखुरी, दोन डाव उत्तम टाकायची आणि तिसऱ्यात तिचा जीव जायचा. सुष्मिता सरळ टाकायची, वेग नाही, पण कधी दांडी मारायची नाही. आणि तिसरी आजऱ्याची तमन्ना. तिचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडला की शेजारची क्रिकेटची पोरे खेळ थांबवून बघायची. मला इतक्या वर्षांत तसा हात पुन्हा मिळाला नाही. त्या एका हातावर कॉलेज जिंकत गेले, आणि जिंकत गेले म्हणून तिलाच पुन्हा पुन्हा टाकायला लावले.

तिचे वडील चमनभाई यांचा आजऱ्यात काजू सोलायचा लहानसा कारखाना होता. एकदा ते मैदानावर आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, यंदा पोरगी युनिव्हर्सिटीच्या संघात आली तर शिकू दे की पुढं. न्हाय तर घरी कामाला माणूस न्हाय." जबरदस्तीचे बोलणे नव्हते. त्यांची कंबर गेली होती आणि ते खरेच दमले होते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे शेवटचे दोन सामने वारणानगरला होते. उपांत्य सामना तमन्नाने शेवटपर्यंत एकटीने टाकला आणि जिंकला. संध्याकाळी बर्फ लावताना मी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबले. ती ओरडली नाही, तिने श्वास धरला. ओरडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. करंगळीला मुंग्या येतात का, विचारले. नाही म्हणाली, पण बाटलीचे झाकण तिला उघडेना. मी सरांना तिथेच सांगितले, की उद्या ही टाकणार नाही. सर म्हणाले, एका सामन्याने काही होत नाही, पट्टी बांधा. मी म्हणाले, भालाफेकीत माझे स्वतःचे कोपर असेच गेले आहे, पट्टी बांधूनच गेले. ते म्हणाले, सकाळी बघू.

सकाळी त्यांनी यादीत तमन्नाचेच नाव घातले होते. सामना सुरू व्हायच्या आधी ती मातीवर उभी राहिली, सरावाचे चेंडू टाकायला. दुसऱ्याच चेंडूला तिचा खांदा खाली आला. मी आत चालत गेले आणि तिच्यापुढे हात धरला. पिचरकडून चेंडू मागून घेतला की तिची बदली, ही आमच्यातली रीत आहे. तिने चेंडू दिला नाही.

"मॅडम, हात माझा हाय. तुमचा न्हाय."

"तुझाच हाय, म्हणून मागतोय," मी म्हणाले. आमच्या भागात बायकाही येतोय-जातोय म्हणतात, पण ते मी कॉलेजात कधी बोलत नसे. त्या दिवशी तोंडातून गेले.

तिने चेंडू माझ्या हातात दिला नाही, मातीवर टाकला. मी वाकून उचलला आणि सुष्मिताला हाक मारली. सर सीमारेषेवरून मोठ्याने बोलत होते, पण पंचांसमोर आत येऊन मला ओढणे त्यांना शक्य नव्हते. शबनूरला आदल्या दिवसापासून ताप होता. सुष्मिताचे तोंड पांढरे पडले होते. तरी ती आली आणि सातही डाव टाकून गेली. समोरच्यांनी तिला धुऊन काढले. एकदाही तिने बाहेर बघितले नाही, मला बदला म्हणून खूण केली नाही. आम्ही वाईट हरलो.

विद्यापीठाचा संघ त्या अंतिम सामन्यावरून निवडला गेला. तमन्ना त्यात नव्हती. परीक्षा देऊन ती आजऱ्याला गेली आणि पुढे शिकली नाही. हरल्यावर कॉलेजात सुष्मिताला बघून पोरे मार खाऊन चेंडू रडतोय असा आवाज काढायची. सोमवारी सकाळी ती एकटी मैदानावर आली आणि माती ओतायला लागली. आज ती शाळेत शिकवते, मुलींचा संघ चालवते, भाड्याच्या खोल्या बदलत राहते. घर तिला का, याचे उत्तर एवढेच आहे.

कलम ३. चेंडूंच्या पिशव्या, हातमोजे, जाळी, धुम्मस आणि ताणाचे रबर ज्या कॉलेजात मुलींचा संघ असेल त्यास सुष्मिताच्या पसंतीने द्यावे. चेंडूचा वेग मोजायचे यंत्र मात्र श्री. विजयसिंह इंगवले यांना द्यावे. हंगामभर ते माझ्याकडून मागून न्यायचे आणि त्याचा आकडा सोडून दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता. क्रीडा समितीच्या सभेत त्यांनी "बायकी काळजीमुळे चषक गेला" असे नोंदवून घेतले आणि पिचिंग माझ्याकडून काढले. निवृत्त होईपर्यंत मी साहित्याची खोली उघडायची आणि बंद करायची. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर त्यांनी भाषण करू नये. मी त्यांना माफ केले, असेही कोणी म्हणू नये. राग धरायला लागते तेवढी ताकद आता उरली नाही, एवढेच.

कलम ४. बँकेतील शिल्लक रकमेतून माझा औषधपाण्याचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवून उरलेले अंबूबाईंना द्यावे. माझे दफन आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे नूल येथे करावे, गळ्यातील लिंग सोबत ठेवावे, स्वामींना बोलवावे, बँड लावू नये.

कलम ५. तमन्ना चमन दरवाजकर हिला मी काहीही ठेवलेले नाही. ते का, हेही लिहिणे भाग आहे.

माझा हात हलतो हे सुष्मिताकडून कळल्यावर ती या दिवाळीनंतर आली. मधल्या काळात ना फोन, ना निरोप. वडील गेले, कारखाना तीच चालवते. दारात उभी राहूनच म्हणाली, "राग गेला म्हणून आलो न्हाय, मॅडम. तुम्हांस्नी बरं न्हाय म्हणून आलोय." मी म्हणाले, बस. अंबूबाईंनी चहा दिला. माझ्या बशीतला चहा सांडत होता, तो ती बघत राहिली. मी कोपर कसे आहे विचारले. म्हणाली, काजूच्या गोणी उचलते, कधी दुखले नाही. मग खिडकीतून खालचा रस्ता बघत म्हणाली, "एकदा तरी टाकून बघायला पायजे होतं. मोडला असता तर मोडला असता. माझं मला कळलं असतं."

मी पुन्हा तेच केले असते, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, ठाऊक हाय. आम्हां दोघींचे त्यावर एकमत होणार नाही आणि ते व्हावे म्हणून मी आता धडपडणार नाही.

मृत्युपत्राचे निघाले तेव्हा मी तिला म्हणाले, तुझ्यासाठी काहीतरी ठेवायचे आहे, सांग काय हवे. वकीलसाहेबांचा सल्ला असा, की ज्याला मिळणार त्याने साक्षीला राहू नये, उगीच वादाला जागा होते. आणि साक्षीदार मला एक कमी पडत होता. तिने ते ऐकले, थोडा विचार केला.

"मग मला काय नको. सही कुठं करायची ती दाखवा."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुष्मिता महादेव चौगुले हिने करावी. वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो बरोबर आहे, आणि आता मी दमले आहे.

ठिकाण: शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: बसम्मा भरमाप्पा कडगावे (सही)

साक्षीदार १: डॉ. पृथ्वीराज माने, कोल्हापूर (सही). बाई पूर्ण शुद्धीत असून त्यांनी माझ्यासमक्ष सही केली.

साक्षीदार २: तमन्ना चमन दरवाजकर, आजरा (सही). मॅडमनी माझ्यासमोर सही केली. कागद सरकत होता म्हणून तो मी धरून ठेवला. पहिली सही त्यांना पसंत पडली नाही, ती खोडून त्यांनी परत केली. घाई कुणी केली नाही.