नसलेल्या काचेच्या खोलीची नोटीस

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
नगरपरिषद कार्यालय, विदरली, इंग्लंड.

विषय: घरामागील काचेच्या खोलीस थंडीपूर्वी परवानगी मिळणेबाबत, अन्यथा ती पाडून मिळणेबाबत.
संदर्भ: आपली नोटीस, ‘विनापरवाना वापर तात्काळ थांबवावा’.

महोदय,

१. मी, सिरिल ऑकेन्डन, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार चॅपल लेन. माझ्या घरामागे काचेची खोली परवानगीवाचून वापरात असल्याची आपली नोटीस मिळाली. त्या जागी काच नाही, भिंत नाही, छप्पर नाही. परवानगी आज ना उद्या मिळेल या भरवशावर गवंड्याने ओतून ठेवलेली सिमेंटची फरशी तेवढी आहे. तरीही नोटिशीतला मजकूर खोटा आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

२. गेला सगळा हिवाळा माझी पत्नी म्युरिएल हिने मांडीवर कॅटलॉग घेऊन काढला. छप्पर उतरते बरे की टोकदार, चौकट लाकडी की पांढऱ्या प्लास्टिकची, खाली गुडघाभर विटा की जमिनीपर्यंत काच, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी लग्न ठरवतानाही झाली नव्हती. अखेर तिने उतरते छप्पर, जमिनीपर्यंत काच आणि बागेकडे उघडणारे दोन झडपांचे दार पसंत केले. थंडीतही ऊन अंगावर घेत पाखरे बघत बसावे, एवढीच तिची इच्छा. गल्लीच्या जुन्या रूपाला शोभत नाही म्हणून आपण तो अर्ज फेटाळला. मग नाइलाजाने टोकदार छपराचा केला, तो शेजारच्या पार्जेटरबाईंचे ऊन अडते म्हणून परत आला. बाईंनी कुंपणावरून मला “छानच दिसेल हो, आमचं काय जातंय!” असे सांगितले होते आणि त्याच आठवड्यात आपल्याकडे हरकत नोंदवली होती.

३. तिसरा अर्ज आपल्या विचाराधीन असताना म्युरिएलची स्मृती ढासळू लागली. नातवंडांची नावे गेली, पण खोलीची निवड राहिली. उन्हाळा लागताच ती त्या फरशीवर वेताची खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, “सिरिल, दार लाव बघू, वारा येतोय.” अशा वेळी मी काय करायला हवे होते, ते आपणच सांगावे. मी दार लावले. तेव्हापासून येता-जाता मी ते उघडतो आणि लावतो. पार्जेटरबाई हे वरच्या खिडकीतून पाहतात.

४. त्यांच्या तक्रारीवरून आपले निरीक्षक श्री. टिमसन पाहणीस आले. म्युरिएल म्हणाली, “या ना, या! पण पाय पुसा हं, आत्ताच फरशी पुसलीय.” गृहस्थ सज्जन. घरची बाई सांगते म्हटल्यावर त्यांनी नसलेल्या पायपुसण्यावर दोन्ही बूट पुसले, उंच असल्यामुळे दारातून वाकून आत आले, चहा घेतला, आणि “उजेड काय सुरेख येतो हो इथे!” असेही बोलून गेले. एवढे झाल्यावर अहवालात ‘खोली वापरात आढळली’ असे लिहिण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, कारण मीही रोज तेच करतो.

५. आता पहाटे गवतावर गोठलेल्या दवाचा थर दिसू लागला आहे. म्युरिएल मात्र साध्या सुती झग्यावर तिथे बसते. कोट दिला तर म्हणते, “काचेच्या आत कोट घालतं का कुणी? वेड लागलंय तुला!” काल पावसात भिजली, तेव्हा छप्पर गळते म्हणून मलाच बोलणी बसली. घरात चल म्हटले, तर “मग एवढी बांधली कशाला?” डॉक्टरांच्या मते तिची छाती ही थंडी उघड्यावर सोसणार नाही. खोली नाही, हे तिला सांगण्यासाठी मी अनेकदा तोंड उघडले आणि चहा आणतो म्हणून परत फिरलो. मला ते जमत नाही, महोदय.

६. सबब विनंती की, तिसरा अर्ज त्वरित मंजूर व्हावा. छप्पर कसलेही चालेल, पार्जेटरबाईंनी निवडले तरी चालेल. ते शक्य नसल्यास खोली पाडण्याचा आदेश काढून माणसे पाठवावीत. तिच्या डोळ्यांदेखत ती पाडली गेल्याशिवाय म्युरिएल घरात येणार नाही. ती रडेल हे मला ठाऊक आहे, पण जगेल. माझ्या हातून ते पाडणे होणार नाही.

येणाऱ्या माणसांना आत येताना पाय पुसण्याची समज द्यावी.

आपल्या उत्तराची दारात वाट पाहणारा,
सिरिल ऑकेन्डन
१४ ऑक्टोबर

सोबत:
डॉक्टरांचा दाखला.
फरशीचे छायाचित्र. (खुर्चीत माझी पत्नी. काचेवर चकाकी येईल म्हणून तिने मला ‘आत’ येऊन काढायला लावले.)