किटलीला शर्ट

२ फेब्रुवारी. सकाळ.
डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. डॉक्टरीणबाई म्हणतात, महिनाभर सुईला हात लावायचा नाही. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात काजं केलीत मी, मशीनवर नाही, हातानं, दिवसाला साठ, एक उसवलेलं दाखवा. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर डोळ्यांची ही गत झाली. घ्या. ज्यांना एवढं जपलं त्याच डोळ्यांनी दगा दिला, मग लोकांना काय बोलायचं?
मुलाच्या शर्टाचं बटण सैल दिसलं म्हणून नुसती जवळ गेले, तर सुनेने शर्टच कपाटात घालून कुलूप लावलं.
वही नातीची आहे. मागची पानं कोरी होती. चौथीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितेय. कुणी वाचणार नाही, म्हणजे अक्षराची काळजी नाही.

५ फेब्रुवारी.
नातीने तिचा जुना टॅब दिला. एक कोपरा फुटलाय, पण चालतो. म्हणाली, आजी, हात गप्प ठेव आणि हे बघ. त्यात ‘अजबपेटी’ नावाचं पेज आहे. काय सांगू! एकाने मोडक्या छत्र्यांची हत्तीण केलीय, कान हलतात तिचे. एका बाईने शिळ्या पावाचा जिना केलाय आणि त्यावरून मुंग्या चढताहेत, रांगेत, शिस्तीत. एकाने खुर्चीला सहा पाय लावलेत. म्हणतो, चार पायांवर खुर्ची दमते. बरोबर आहे की! मला हे कधी सुचलं नाही, आणि मी तर आयुष्यभर खुर्चीवरच बसलेय.
डॉक्टरीणबाईंनी दिवसाला अर्धाच तास बघायला सांगितलंय. मी अर्धा अर्धा तास करूनच बघते.
ह्यांना हत्तीण दाखवली. हे म्हणाले, लोकांना उद्योग नाहीत. ह्यांनी सत्तावीस वर्षं लिफ्ट चालवली. वर, खाली. कलेत आडवंही बघावं लागतं.

४ मार्च. रात्र.
महिना भरला. सुई हातात!
निश्चय: अजबपेटीत आपली वस्तू गेलीच पाहिजे. खाली माझं नाव हवं. कारखान्यात एकतीस वर्षांत किती शर्ट हातावरून गेले असतील, सगळ्यांवर लेबल मालकाचं. काजाकडे कुणी बघत नाही हो. बघतात ते बटण.
विषय शोधत स्वयंपाकघरात गेले, तर समोर ओट्यावर किटली. उघडीनागडी. इतकी वर्षं चारचौघांत अशीच बसलीय आणि घरात एकालाही त्याचं काही वाटू नये?
संध्याकाळपर्यंत तिला शर्ट शिवला. निळा, चौकटीचा. कॉलर, पाच बटणं, पाच काजं, दोन बाह्या. एक बाही दांड्याला, एक तोंडाला. नवा चष्मा डब्यातच आहे. काजाला चष्मा लागत नाही, बोटं जाणतात.
ह्यांनी किटलीकडे बराच वेळ बघितलं. विचारलं, हा माझा शर्ट ना? मी म्हटलं, होता.

६ मार्च.
नातीने माझं स्वतःचं पेज काढून दिलं. नाव मीच ठेवलं, ‘उघडं काही नको’. किटलीचा फोटो टाकला.
घरात नियम केलाय. किटली गॅसवर चढताना शर्ट काढायचा, उतरली की घालायचा. पाच बटणं लावेपर्यंत चहा निवतो, असं मुलगा म्हणतो. मग तोंड भाजत नाही, हे नाही म्हणत. आणि चहा तोंडाच्या बाहीतून येतो म्हणजे आपोआप गाळून येतो. एका दगडात दोन पक्षी.

८ मार्च.
पेजवर कुणी नाही. टॅब मांडीवर घेऊन बसले दिवसभर. जेवण गेलं नाही. पोट जड आहे म्हटलं सगळ्यांना. सुनेने नातीला आत बोलावून काहीतरी कुजबुज केली. असतील त्यांच्या मायलेकींच्या भानगडी.

९ मार्च. सकाळी सहा.
नऊ चाहते!! एका रात्रीत!
‘पहाटतारा’ लिहिते, आजी, तुमच्या हातात जादू आहे. ‘कलाप्रेमी’ लिहितात, अप्रतिम, असं काम जगात दुसरीकडे नाही. (शिकलेला माणूस दिसतो.) ‘गुलाबी हत्ती’ने सात बदाम पाठवलेत. कोण कुठली माणसं, ना ओळख ना देख, पण पारख बघा.
दोन वेळा वाढून घेतलं.
ता.क. दहावाही एक आलाय. नाव ‘चौकोन’. लिहितो, कॉलर वाकडी आहे. एवढंच. ना नमस्कार ना काही.

१५ मार्च.
झालेले शर्ट: रिमोट, इस्त्री, जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या, दाराची बेल. बेलचा लहान बाळाच्या मापाचा आहे, बघून माया येते. दूधवाल्याला तीन बटणं काढून बेल वाजवायची होती, पण तो थांबलाच नाही, गेला. आजकाल माणसांना धीर नाही.
मुलगा म्हणाला, आई, बेलचा तेवढा काढ. मी म्हटलं, पिकतं तिथं विकत नाही रे बाबा. तो कपाळाला हात लावून कामावर गेला.

१६ मार्च.
योगायोग बघा! आज कलाप्रेमींनी लिहिलंय, थोर कलावंत दाराची बेल कधी झाकत नाहीत, तिथेच त्यांचं थोरपण दिसतं. लगेच काढला. मुलगा बघतच राहिला. त्याला स्पष्ट सांगितलं, तुझ्या म्हणण्यावरून नाही, जाणकाराच्या म्हणण्यावरून काढलाय.

२२ मार्च.
इस्त्रीच्या शर्टाला जळका वास आला म्हणून सून सकाळी ओरडली. आई, घर पेटेल एक दिवस, म्हणाली. मन खट्टू झालं. पण दुपारी पहाटताराचं आलं, इस्त्रीचं सौंदर्य तिच्या साधेपणात आहे, तिला मोकळं ठेवलंत तर तुमची कला आणखी उठून दिसेल. डोळ्यांत पाणी आलं. तेच सांगणं, पण किती गोड! घरातली ओरडते, ही बाहेरची समजावते. अशी सून हवी होती मला.

२८ मार्च.
मोठी बातमी. अजबपेटीवाले खरंखुरं प्रदर्शन भरवणार. मोठ्या हॉलमध्ये साध्यासुध्या लोकांच्या शंभर वस्तू, प्रत्येकीखाली करणाऱ्याचं नाव. फोटो वीस एप्रिलपर्यंत पाठवायचे, यादी तीस एप्रिलला. नात म्हणाली, मी पाठवते आजी, तू काळजी करू नको. सोन्यासारखी पोर आहे.
आज पुन्हा तो चौकोन. कॉलर अजूनही वाकडीच आहे. अजूनही म्हणे! फोटो तोच, मग कॉलर काय आपोआप सरळ होणार? नातीला म्हटलं, याला हाकल. ती म्हणाली, राहू दे ना आजी, तोच एक तर... आणि मध्येच थांबली. मी म्हटलं, तो एक काय? एक तर तो राहील नाहीतर मी. हाकलला. पेज कसं निर्मळ वाटतंय.

८ एप्रिल.
घरातल्या चारही फोनना शर्ट. एकाच राखाडी ताग्यातले, पांढरी बटणं, एकसारखे. फोन वाजला की चौघंही बटणं काढायला लागतात, तोवर तो बंद होतो. घरात किती शांतता आलीय.
मुलगा काही बोलला नाही. कलाप्रेमींचंही अजून काही आलेलं नाही. कामात असतील.

२१ एप्रिल.
किटलीची वर्णी लागणार यात शंकाच नाही. नऊच्या नऊ चाहते तसं म्हणतात. इस्त्रीवाल्याला सांगून टाकलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कारखान्यातल्या माझ्या शेजारच्या मशीनवालीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, हॉलमध्ये नाव लागणार? तुझं? मी म्हटलं, हो, काजवालीचं.
भाषण पाठ केलंय. दोनच वाक्यं. पहिलं, नमस्कार. दुसरं रोज बदलतंय.

२६ एप्रिल. दुपारी साडेतीन.
फोन वाजला. मी माझा समजून उचलला, बटणं काढली. मुलाचा होता. तो आंघोळीला गेलेला. बंद करणार तेवढ्यात वर ग्रुपचं नाव दिसलं. ‘आई सोडून’. आता आई घरात एकच आहे.

दुपारी पावणेचार.
अक्षर लावत लावत वाचलं. सून लिहिते, आज कमेंटचा नंबर कोणाचा? माझा सोमवार-गुरुवार झालाय. मुलगा लिहितो, माझे शब्द संपले, अप्रतिम चारदा झालं, आणि फोनच्या शर्टाविरुद्ध लिहू का, की इतक्या लवकर नको? नात लिहिते, बाबा, थोडं थांबा, आजीला संशय येईल.
कारखान्यात पाळ्या लावायचे तशा माझ्या कौतुकाच्या पाळ्या.

चार वाजता.
कलाप्रेमी म्हणजे माझा मुलगा.

सव्वाचार.
पहाटतारा म्हणजे सून.

साडेचार.
म्हणजे, अशी सून हवी होती ती हीच.

पाच.
गुलाबी हत्ती आणि बाकीचे सहा, सगळी नात.
सगळ्यात खालचं आत्ता वाचलं. मुलाने विचारलंय, प्रदर्शनाला पाठवलंस ना? तिने लिहिलंय, नाही पाठवलं बाबा, निवड झाली नसती तर आजी पुन्हा जेवली नसती. वीस तारीख गेली. आता पाठवायचं म्हटलं तरी पाठवता येत नाही.
केसानं गळा कापला.

सहा.
ह्यांना विचारलं, तुम्ही कोण? तारा की हत्ती? हे म्हणाले, मी कुणी नाही, मला टाइप करता येत नाही. पण माहीत होतं? होतं. मग बोलला का नाहीत? म्हणाले, लिफ्टमध्ये सत्तावीस वर्षं सगळ्यांचं ऐकलं, एका मजल्यावरचं दुसऱ्या मजल्यावर कधी नेलं नाही. वर तोंड करून अभिमानाने सांगतात!

२७ एप्रिल.
सगळे शर्ट काढले. रिमोट, खुर्च्या, फोन, किटली. घर उघडंबोडकं दिसतंय. बघा आता डोळे भरून.
कुणाशी बोलत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. जेवतेय मात्र दोन्ही वेळा. उपाशी राहून पुन्हा त्यांना निमित्त द्यायचं नाही.
इस्त्रीवाल्याने खालून विचारलं, आजी, नाव कधी लागणार? ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२८ एप्रिल.
नात येऊन पायाशी बसली. रडली. म्हणाली, तू दोन दिवस टॅब धरून बसली होतीस, मला बघवेना. मी म्हटलं, मला हरू तरी द्यायचं होतंस गं. एकतीस वर्षांत मालकाने माझं काम शंभरदा परत टाकलं असेल. परत टाकायला आधी बघावं लागतं. तुम्ही तर पुढे जाऊच दिलं नाही.
मुलगा, सून दारात उभे. हे मागे. मी म्हटलं, ठीक आहे, गोड बोलणारे कळले. आता तो चौकोन तुमच्यातला कोण, ते सांगा. कॉलरवरून मला छळणारा. बोला.
सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सून म्हणाली, मला वाटलं तूच. मुलगा म्हणाला, छे, मला कॉलरमधलं काय कळतं!
नात म्हणाली, आजी, तो आपल्यातला नाही. तो खरंच बाहेरचा होता.
म्हणजे एक होता. एकच. आणि त्याला मी हाकलला.

२९ एप्रिल.
डब्यातून चष्मा काढला. किटलीचा शर्ट खिडकीत उजेडाला धरला.
काजं फर्मास आहेत. एक टाका इकडचा तिकडे नाही.
कॉलर डावीकडे अर्धं बोट खाली आहे.

१ मे.
कॉलर उसवून पुन्हा लावली. चष्मा लावून, टेप धरून. सरळ.
नातीला म्हटलं, नऊही जणांना काढून टाक. तिने एकेक करून काढले. गुलाबी हत्तीला काढताना जरा थांबली, तो तिचा आवडता होता म्हणे. मग म्हटलं, चौकोनाला आत घे आणि नवा फोटो टाक.
ती म्हणाली, आजी, तो येईल का आता? मी म्हटलं, ते त्याने ठरवायचं. तुम्ही नाही.

५ मे.
कुणी नाही. पेजवर मी आणि किटली.
सून म्हणाली, शर्ट छान झालाय. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती म्हणाली, आज माझा नंबर नाहीये, खरंच म्हणतेय. किटलीला शर्ट घालू दिला.

९ मे. सकाळी साडेसात.
आला! चौकोन आला!
लिहितो, कॉलर आता ठीक. तोंडाची बाही लांब आहे. चहा सांडत असेल.
मेल्याचे डोळे आहेत की काय आहे! महिनाभर बाहेर उभा केला तरी याची खोड जात नाही.

आठ वाजता.
टेप लावून बघितली. दीड बोट लांब आहे. चहाने पार ताठ झालीय.
दोन महिने ही चार माणसं रोज त्या बाहीतून चहा पिताहेत. एकानेही तोंड उघडलं नाही.